दादाभाई नौरोजी आणि परक्या भांडवलाचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

दादाभाई नौरोजी हे नाव आपण सर्वांनी शाळेच्या इतिहासात वाचलेले असते. भारताचे पितामह, काँग्रेसचे तीन वेळा अध्यक्ष आणि ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद, एवढ्या तीन ओळी पाठ झाल्या की परीक्षेपुरते दादाभाई संपतात. यंदा भारतीय अर्थव्यवस्थेच्या पेपराच्या निमित्ताने ते मला पुन्हा भेटले. आणि या वेळी ते पुढारी म्हणून नव्हे, तर गणिताचे प्राध्यापक म्हणून भेटले. परदेशी भांडवल देशात आले म्हणजे देश श्रीमंत होतो काय, हा प्रश्न आज वर्तमानपत्रांच्या पानोपानी असतो. दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न दादाभाईंनी हातात सरकारी अहवाल घेऊन, बेरजा-वजाबाक्या मांडून विचारला होता. त्या एका प्रश्नाच्या अंगाने त्यांचे चरित्र पाहावे, असे मनात आले म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी झाला. घराणे नवसारीकडचे, पारशी धर्मगुरूंचे. घरी पैसा नव्हता. दादाभाई अवघे चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई निरक्षर होत्या. पण मुलाने शिकलेच पाहिजे, असा त्या माउलीचा हट्ट होता. सुदैवाने मुंबईतील नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्या काळी शिक्षण मोफत होते. फी असती तर या विधवा बाईला मुलाला शिकवणे झेपलेच नसते, हे दादाभाईंनी पुढे आयुष्यभर लक्षात ठेवले.

या मोफत शिक्षणाचा त्यांनी जो अर्थ लावला, तो मला फार मोलाचा वाटतो. आपले शिक्षण लोकांच्या पैशाने झाले, तेव्हा आपल्या विद्येवर पहिला हक्क त्या लोकांचा आहे, अशी त्यांची धारणा बनली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. फी-सवलतीच्या अर्जावर माझ्या आईचा अंगठा उठलेला आहे. त्यामुळे माणेकबाईंची हकीकत वाचताना मला इतिहास वाचतो आहोत असे वाटलेच नाही. सवलत ही केवळ सवलत नसून ते एक देणे आहे, हा विचार आपल्यापैकी अनेकांनी मनाशी बाळगण्यासारखा आहे.

एल्फिन्स्टन संस्थेत दादाभाईंची हुशारी लवकरच सर्वांच्या नजरेत भरली. सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांनी त्यांना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवण्याचे मनावर घेतले आणि निम्मा खर्च स्वतः सोसण्याची तयारी दाखवली. परंतु तेथे मुलगा धर्म बदलील, या भीतीने समाजातील वडीलधारी मंडळी मागे सरली व बेत फसला. दादाभाई मग शिक्षक झाले, आणि १८५० नंतरच्या काही वर्षांतच एल्फिन्स्टनमध्ये गणित व निसर्गविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

याच काळात एल्फिन्स्टनच्या तरुणांनी विद्यार्थ्यांची एक साहित्य व शास्त्र सभा स्थापन केली होती. या सभेच्या पुढाकाराने १८४९ मध्ये मुंबईत मुलींसाठी मराठी व गुजराती शाळा निघाल्या. दादाभाई आणि त्यांचे सहकारी फावल्या वेळात तेथे विनावेतन शिकवीत. मुलींनी लिहिणे-वाचणे म्हणजे घरावर संकट, असे मानणाऱ्या काळातील ही गोष्ट आहे, हे आपण विद्यार्थिनींनी तरी विसरता कामा नये.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. इंग्रजांच्या राज्यात देशाची संपत्ती बाहेर वाहून जात आहे, हा विचार दादाभाईंच्याही आधी आपल्या मराठी माणसांनी मांडला होता. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये मुंबईच्या इंग्रजी पत्रात टोपणनावाने पत्रे लिहून राज्यकर्त्यांना याचा जाब विचारला होता, आणि रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ च्या आपल्या मराठी ग्रंथात याच विषयाचा ऊहापोह केला होता. मग दादाभाईंनी वेगळे काय केले? तर त्यांनी त्या तक्रारीला आकड्यांचे रूप दिले. तक्रार फेटाळता येते. पण हिशेब फेटाळायचा तर दुसरा हिशेब मांडावा लागतो.

१८५५ मध्ये दादाभाई प्राध्यापकी सोडून कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. लंडन व लिव्हरपूल येथे व्यापार करणारी ही पहिली हिंदी पेढी. पण अफू आणि दारू यांच्या व्यापारातून मिळणारा नफा त्यांना मान्य नव्हता. शेवटी ते बाहेर पडले आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. शिवाय लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापकही होते.

व्यापाराने त्यांना जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस बंद पडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाशिवाय गत्यंतर उरले नाही. मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅकबे येथील समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनेचे शेअर्स भरमसाट भावाने विकले जाऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर कंपन्या, बँका व शेठसावकार सारेच कोसळले. या धामधुमीत एका मित्राला मदत करण्याच्या पायी दादाभाईंची पेढीही बुडाली. त्यांच्या सचोटीमुळे धनकोंनी त्यांना सहानुभूतीने वागवले, एवढेच. बाहेरून आलेला पैसा मुक्कामाला आला आहे की पाहुणा म्हणून, हा भेद त्यांनी असा जवळून पाहिला होता.

१८६६ मध्ये त्यांनी लंडनला ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. पुढच्याच वर्षी तेथे वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितले, की हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या सरकारी महसुलापैकी जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर जातो व इंग्लंडच्या संपत्तीत भर घालतो. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार व पेन्शन, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च, लष्कराचा खर्च, कर्जावरचे व्याज अशा अनेक वाटांनी हा ओघ वाहत होता. संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त म्हणून आपण जो अभ्यासतो तो हाच.

इंग्रज सरकारचे उत्तर ठरलेले असे. ते म्हणत, आम्ही तुमच्या देशात रेल्वे आणली, भांडवल आणले. हे खोटे नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या इंग्रज भागधारकांच्या पैशावर. त्या काळी परदेशी गुंतवणुकीचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे नव्हते. पण हा पैसा कोणत्या अटीवर आला होता, हे पाहणे जरुरीचे आहे. सरकारने या कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. समजा, कंपनीने शंभर रुपये गुंतवले आणि नफा तीनच रुपये झाला, तर उरलेले दोन रुपये हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायचे. म्हणजे शेवटी शेतसारा भरणाऱ्या कुणब्याने द्यायचे. नफा झाला तर कंपनीचा आणि तोटा आला तर रयतेचा, असा हा व्यवहार. त्यात काटकसर करण्याची कंपनीला गरजच काय होती?

दादाभाईंनी रेल्वेला विरोध केला नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी फक्त तुलना केली. अमेरिकेनेही परदेशातून कर्ज घेऊन रेल्वे बांधली होती. पण तेथे व्याज तेवढे बाहेर जाई; वरच्या अधिकाऱ्यापासून हमालापर्यंत सर्वांचे पगार अमेरिकेतच राहत. हिंदुस्थानात मात्र व्याज बाहेर, वरच्या जागांचे पगार व पेन्शन बाहेर, आणि इंजिने व रूळ यांची किंमतही बाहेर जाई. आपल्या माणसांच्या वाट्याला हमाली आणि खालच्या पायरीची कामे तेवढी उरली. परके भांडवल दोन्ही देशांत आले. परंतु एका देशाला त्याचे पीक मिळाले आणि दुसऱ्याला भुसा. दादाभाई आणखी एक पाऊल पुढे गेले. येथून वाहून नेलेली संपत्तीच इंग्रजी भांडवल हे नाव धारण करून परत येते आणि येथील मळे, खाणी व व्यापार आपल्या कब्जात घेते, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्याच विहिरीचे पाणी आपल्याला विकत घ्यावे लागावे, तसाच हा प्रकार.

देश गरीब आहे असे म्हणणे सोपे आहे. पण किती गरीब? तोपर्यंत हे कोणी नीट मोजले नव्हते. दादाभाईंनी प्रांतवार लागवडीचे क्षेत्र, एकरी उत्पादन आणि बाजारभाव घेऊन १८६७ ते १८७० या काळासाठी दरडोई वार्षिक उत्पन्न काढले. ते भरले सुमारे २० रुपये. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हा पहिला अंदाज म्हणून आपल्या क्रमिक पुस्तकांत त्याचा उल्लेख असतो. हे करताना त्यांना सरकारी अहवालांतील एक ढोबळ चूक सापडली. निरनिराळ्या जिल्ह्यांतील भावांची सरासरी काढताना कोणत्या जिल्ह्यात किती धान्य पिकते याचा विचारच केलेला नसे. उदाहरणच द्यायचे तर, एका जिल्ह्यात हजार खंडी धान्य दहा रुपये भावाने आणि दुसऱ्यात शंभरच खंडी वीस रुपये भावाने विकले गेले, तर अहवालात सरासरी भाव पंधरा रुपये येई. खरी सरासरी येते सुमारे अकरा रुपये. या चुकीमुळे कागदावर देश उगाचच श्रीमंत दिसे.

मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले. कैद्याच्या नुसत्या अन्नवस्त्राला वर्षाला सुमारे ३४ रुपये लागत होते. म्हणजे गुन्हा करून तुरुंगात गेलेल्या माणसाला सरकार जेवढे खायला-ल्यायला देत होते, तेवढेही बाहेरच्या प्रामाणिक माणसाच्या सरासरी वाट्याला येत नव्हते; आणि सरासरीत तर राजेरजवाडे व सावकारही धरलेले! हा आकडा वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. यात एकही कठोर शब्द नाही, फक्त दोन संख्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. हे निष्कर्ष त्यांनी १८७६ मध्ये मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंधातून विस्ताराने मांडले.

दादाभाई केवळ आकड्यांत रमणारे नव्हते. १८७४ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. पण दरबार आणि रेसिडेंट यांच्या कात्रीत सापडल्याने थोड्याच अवधीत त्यांनी ते पद सोडले. पुढे मुंबई नगरपालिका आणि कायदे कौन्सिल येथे त्यांनी काम केले. १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेच्या वेळी ते हजर होते आणि दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

हिंदुस्थानच्या तिजोरीच्या किल्ल्या लंडनमध्ये आहेत, तेव्हा हिशेब मागायचा तर तेथेच मागितला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८८६ मध्ये ते पार्लमेंटच्या निवडणुकीत पराभूत झाले. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी जाहीर भाषणात त्यांच्या कातडीच्या रंगावरून त्यांना हिणवले. त्याचा परिणाम असा झाला, की त्यांचे नाव इंग्लंडभर पोहोचले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी या मतदारसंघातून ते अगदी थोड्या मतांच्या आधिक्याने निवडून आले. वय होते सहासष्ट.

१८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सभासद होते, आणि सभासद असूनही त्यांनी स्वतः साक्षीदार म्हणून आपले म्हणणे मांडले. याच आयोगापुढे १८९७ मध्ये आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले साक्ष देण्यासाठी पुण्याहून लंडनला गेले. एका प्राध्यापकाने सुरू केलेला हिशेब दुसऱ्या प्राध्यापकाने पुढे चालवला. आयोगाच्या बहुमताचा अहवाल दादाभाईंना मान्य झाला नाही. त्यांनी दोघा सहकाऱ्यांसह वेगळे मत नोंदवले.

दादाभाईंचे सर्वच म्हणणे त्या काळच्या विद्वानांना पटले होते असे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत वेगळा सूर लावला. बाहेर जाणाऱ्या पैशात काही भाग आपण घेतलेल्या भांडवलाचे व्याज आहे, आणि एवढ्या कमी व्याजाने पैसा आपल्याला येथे मिळत नाही. तेव्हा त्याबद्दल कुरकुर करण्यापेक्षा पतपेढ्या, उद्योग आणि भांडवलाची जुळणी याकडे लक्ष द्यावे, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. रानड्यांचे हे म्हणणे आजही विचारात घ्यावे असे आहे. ज्या देशात बचतच थोडी, तेथे बाहेरचे भांडवल नको म्हणणे म्हणजे कारखान्यालाच नको म्हणणे होय. पण मला वाटते, दोघांचा प्रश्न निराळा होता. भांडवल कसे मिळवावे, हा रानड्यांचा प्रश्न. आणि मिळालेल्या भांडवलाच्या अटी कोणी ठरवाव्या, हा दादाभाईंचा. रानड्यांचे उत्तर दादाभाईंचा प्रश्न पुसून टाकीत नाही.

त्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे जाता जाता दादाभाई कोठे पोहोचले, ते पाहण्यासारखे आहे. १९०१ मध्ये त्यांचे लेखन 'पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया' या ग्रंथात एकत्र आले. ग्रंथाच्या नावातच त्यांचा भाबडा वाटणारा विश्वास दिसतो; हा कारभार ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीला शोभत नाही, हे पटवले की ते सुधारतील, अशी त्यांना आशा होती. परंतु १९०६ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, जहाल आणि मवाळ यांच्यात फूट पडू नये म्हणून जेव्हा त्यांना कलकत्त्याला काँग्रेसचे अध्यक्ष करण्यात आले, तेव्हा त्याच व्यासपीठावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. पन्नास वर्षे अर्ज-विनंत्या करणारा हा मवाळ म्हातारा हिशेब करता करताच स्वराज्यापर्यंत आला होता. अटी ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे नाही, त्याला भांडवलही तारत नाही, हे त्या हिशेबाचे शेवटचे उत्तर होते. अखेरची वर्षे मुंबईजवळ वर्सोव्याला काढून ३० जून १९१७ रोजी ते निवर्तले.

मित्रमैत्रिणींनो, दादाभाईंच्या काळचा भारत आणि आजचा भारत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आज अटी ठरवणारे सरकार आपले आहे. ते अधिकार आपण दोन्ही बाजूंनी वापरून पाहिले. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी कंपन्यांचा हिस्सा साधारणपणे चाळीस टक्क्यांवर आणायला लावला, तेव्हा १९७७-७८ मध्ये कोका-कोला आणि आयबीएम यांनी देश सोडला. पुढे परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा जुलै १९९१ मध्ये आपणच चौतीस अग्रक्रमाच्या उद्योगांत एक्कावन्न टक्क्यांपर्यंतच्या परदेशी भांडवलाला आपोआप मंजुरी दिली. दादाभाईंचे नाव घेऊन आज प्रत्येक परदेशी रुपयाला चोर म्हणणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल. पण त्यांचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. देशांतर्गत उत्पन्न आणि राष्ट्रीय उत्पन्न यांतील फरक आपण वर्गात शिकतो. देशात किती पिकले हे पहिले सांगते. बाहेरून आलेले मिळवून आणि बाहेर गेलेले व्याज, नफा व वेतन वजा जाता आपल्या हाती किती उरले, हे दुसरे सांगते. त्या वजाबाकीतच दादाभाई उभे आहेत.

आमच्या तालुक्यात औद्योगिक वसाहत झाली आणि एक परदेशी कारखाना आला. रस्ता झाला, विजेचे खांब आले, दोन पतसंस्था उघडल्या. हे सारे खरे आहे. माझा थोरला भाऊ तेथे कामाला आहे, म्हणून तर मी येथे शिकते आहे; हेही तितकेच खरे. पण तो गेली चार वर्षे ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे, कंपनीच्या नाही. यंत्राचे काम त्याला येते, पण ते शिकल्याचा कागद त्याच्याजवळ नाही. गावात कोणी विचारले की कारखान्यात किती कोटी आले, तर आकडा सगळ्यांना पाठ आहे. गावातील किती माणसे कायम झाली, किती जण वरच्या पायरीवर गेली, सुटे भाग तालुक्यात बनतात की बाहेरून येतात, याचा आकडा मात्र कोणाजवळ नाही.

तो आकडा काढणे हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे काम आहे, असे मला दादाभाईंचे चरित्र वाचून वाटू लागले. त्यासाठी पार्लमेंटमध्ये जावे लागत नाही. ग्रामपंचायतीचे दफ्तर, हजेरीपट आणि बाजारभावाची वही एवढी साधने पुष्कळ आहेत. भांडवल कोठून आले हे वर्तमानपत्र सांगतेच; त्याचे पीक कोणाच्या खळ्यावर पडले, हे मोजायला मात्र तेथलाच कोणी तरी शिकलेला लागतो. लोकांच्या पैशाने शिकलेल्या दादाभाईंनी ते देणे असे मोजून फेडले. आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण सवलतीवर चालले आहे, त्यांच्या खात्यावर ते अजून बाकी आहे.